पाच बैठका, एक शिलाई मशीन आणि वाहत्या पाण्याचा आवाज

स्टार आधीच देऊन टाकते: पाचपैकी चार. एक कापलाय तो खळखळणाऱ्या पाण्यासाठी. ते काय प्रकरण आहे ते ओघात येईलच.

ज्या सेवेबद्दल लिहितेय ती म्हणजे पुरात घर गेलेल्यांना मानसिक आधार देणाऱ्या पाच बैठका. आठवड्याला एक, साधारण दीड तासाची, मोफत. पहिल्या दोन समोरासमोर, उरलेल्या तीन फोनवर. संस्थेचं नाव लिहीत नाही, कारण तक्रारीही करायच्या आहेत. शिवाय पद्धत त्यांची स्वतःची नाहीच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली 'प्रॉब्लेम मॅनेजमेंट प्लस' नावाची पुस्तिका काढली, तिच्यावर बेतलेलं आहे सगळं. डॉक्टर किंवा मानसोपचारतज्ज्ञ लागत नाही, शिकवून तयार केलेली साधी माणसं या बैठका घेतात. माझ्या वाट्याला आलेली मुलगी वयाने माझ्या भाचीएवढी होती. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मनात म्हटलं, ही काय सांगणार मला.

मी घरी शिवणकाम करते, तीस वर्षं झाली. पाणी छातीपर्यंत आलं आणि दीड दिवस राहिलं. आम्ही वरच्या मजल्यावर होतो, सगळे सुखरूप. पुढचे दोन महिने जो येईल तो हेच म्हणायचा, "सगळे वाचलात ना, मग झालं तर." हे वाक्य ऐकलं की तोंडच बंद व्हायचं. खरंच होतं ना ते, त्यावर बोलणार काय?

गंमत म्हणजे पहिले पंधरा दिवस मी ठणठणीत होते. फावड्याने गाळ ओढत होते, शेजारणीला हाक मारत होते, कुठली कुठली पोरं मदतीला आली होती त्यांच्याशी हसत होते. तिसऱ्या आठवड्यात पोरं गेली, गाड्या थांबल्या, आणि मी पायरीवर बसले ती बसलेच. आपत्तीनंतरच्या काळाचे टप्पे पाडतात म्हणे: आधी धडाडीचा, मग एकोप्याचा, त्याच्यामागून भ्रमनिरासाचा. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. मला वाटत होतं, मीच आळशी झाले.

दिवसाचं पार वाटोळं झालं होतं. वार कोणता ते आठवायचं नाही. अंघोळ कधी सकाळी, कधी दुपारी तीनला, कधी नाहीच. रात्री मात्र घड्याळासारखी जागी व्हायचे, तीनच्या सुमाराला, कारण पाणी त्याच वेळी शिरलं होतं. टॉर्च घेऊन खाली जायचं, गटाराच्या तोंडाशी वाकून पाहायचं, परत यायचं. रात्रीतून चार खेपा. उशाशी कागदपत्रांची पिशवी. हातात फोन, त्यावर पावसाचा नकाशा आणि दुसऱ्यांच्या गावांतल्या पुरांचे व्हिडिओ. किल्लारीचा भूकंप झाला तो ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, ३ वाजून ५६ मिनिटांनी. लहानपणी वर्तमानपत्रात वाचल्यासारखी ती वेळ माझ्या डोक्यात बसली होती, पण आपलीही अशी एक वेळ होईल असं कधी वाटलं नव्हतं.

भाचीनेच माझं नाव नोंदवलं. मला विचारलंही नाही.

पहिल्या बैठकीला जाताना एकच धास्ती होती: आता सगळं सांगायला लावतील. पाणी कसं आलं, काय काय गेलं, तेव्हा काय वाटलं. आठवडाभर मनात उत्तरं जुळवत होते. त्या मुलीने खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाली, "काकू, पुराचं सांगायचं असेल तर ऐकेन, नसेल तर राहू दे. सध्या तुम्हाला सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतोय?" मी म्हटलं, "झोपेचा." तिने लिहून घेतलं. शून्य ते पाचमध्ये किती त्रास, विचारलं. मी पाच म्हटलं. संपलं. माझी आठवडाभराची तयारी फुकट गेली आणि मला हसू आलं, बऱ्याच दिवसांनी.

घरी येऊन भाचीला म्हटलं, ही कसली मदत, काही विचारलंच नाही. ती मानसशास्त्र शिकतेय, तिने मग शिकवणी घेतली माझी. पूर्वी उलटं करायचे म्हणे. घटना घडली की दोन-चार दिवसांत माणसाला बसवायचं आणि सगळं पहिल्यापासून बोलून घ्यायचं, म्हणजे मन मोकळं होतं अशी समजूत. याला डीब्रीफिंग म्हणायचे. मग १९९७ साली भाजलेल्या रुग्णांवरचा एक अभ्यास आला. तेरा महिन्यांनी पाहिलं तर ज्यांना असं बोलतं केलं होतं त्यांच्यातल्या २६ टक्क्यांना आघाताचा विकार जडला होता, आणि ज्यांना केलं नव्हतं त्यांच्यातल्या ९ टक्क्यांना. अभ्यास लहान होता, पण पुढे सगळे अभ्यास एकत्र मांडले तेव्हाही फायदा काही दिसला नाही. आता आधी माणसाकडे पाहतात, त्याचं ऐकतात आणि त्याला लागेल त्या मदतीशी जोडून देतात. खपली धरायच्या आत उचकटून पाहायची नाही, एवढं मला समजलं. शिवण उसवतानाही धागा ओढून काढत नाहीत, कापड फाटतं.

तर पहिल्या बैठकीत श्वास शिकवला. नाकाने आत, सावकाश बाहेर, पोट हलू दे, छाती नको. बाहेर सोडताना जास्त वेळ घ्यायचा. रोज दोनदा करायचं, घाबरल्यावरच नव्हे, बरं असतानाही. ते ठीकच होतं. आणि सरावासाठी तिने फोनवर एक ऑडिओ फाईल पाठवली.

रात्री दिवे मालवून, कानात इअरफोन घालून मी फाईल सुरू केली. एक मऊ आवाज म्हणतो, "डोळे मिटा. तुम्ही सुरक्षित आहात." आणि पाठीमागे पाणी! खळखळ, खळखळ, झऱ्यासारखं, दगडांवरून वाहणारं. मी ताडकन उठून जिन्यात. ह्यांनाही उठवलं. दोघं टॉर्च घेऊन खाली उभे, खाली सगळं कोरडं ठाक, आणि इअरफोन अजून माझ्या एका कानात लटकलेला, त्यातून ती बाई सांगतेय, "शरीर सैल सोडा."

आता हसते. तेव्हा फोन भिंतीवर आपटायचा बाकी ठेवला होता. अहो, पुरातून आलेल्या माणसांसाठी म्हणून बनवलेली सेवा. ती फाईल पाठवण्याआधी तुमच्यापैकी एकानेही डोळे मिटून ऐकली नव्हती का? त्या मुलीला दुसऱ्या दिवशी सांगितलं, तर ती बिचारी फोनवरच गप्प झाली. म्हणाली, "काकू, चुकलं. माझ्या लक्षातच आलं नाही." तिने स्वतःच्या आवाजात, नुसते आकडे मोजत, दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग करून पाठवलं. मागे तिच्या घरातल्या पंख्याची घरघर. ते मी अजून वापरते. कापलेल्या स्टारमधला अर्धा त्या पंख्यापायी परत द्यावासा वाटतो, पण नको. संस्थेची चूक संस्थेच्या नावावर, पंखा तिच्या नावावर.

दुसरी बैठक अडचणींची. कागदावर सगळ्या अडचणी लिहायच्या आणि दोन ढीग करायचे: आपल्या हातात काही आहे ते इकडे, काहीच नाही ते तिकडे. 'पाणी पुन्हा येईल का' हे तिकडे गेलं. 'कागदपत्रं भिजतील' हे इकडे आलं. मग ज्यावर काही करता येतं अशी एकच अडचण घ्यायची आणि सुचतील तेवढे उपाय लिहायचे, वेडेवाकडे असले तरी. माझे पहिले तीन उपाय वेडेवाकडेच होते. शेवटी ठरलं ते असं: कागदांचे फोटो भाचीच्या फोनमध्ये, मूळ कागद हवाबंद डब्यात वरच्या मजल्यावर, आणि पिशवी उशाशी ठेवायची नाही. रात्रीच्या खेपांचंही ठरलं. जायचंच नाही असं तिने सांगितलं असतं तर मी ऐकलं नसतं. ती म्हणाली, "जा, पण एकदा. झोपायच्या आधी, दहाला. बघा, नीट बघा, आणि वहीत लिहा: पाहिलं, कोरडं." तीनला जाग आली की उठून वही बघायची, गटार नव्हे. पहिल्या चार रात्री वहीही बघितली आणि गटारही. पाचव्या रात्री नुसती वही.

फोनचं मात्र मी भांडले. पावसाचा नकाशा नाही पाहिला तर कळणार कसं? तर दिवसातून दोनदा, ठरलेल्या वेळी, हवामानाचा अंदाज पाहायचा आणि दुसऱ्यांच्या पुरांचे व्हिडिओ अजिबात नाही, असं ठरलं. भाचीने यातही भर घातली. २०१३ साली बोस्टनच्या मॅरेथॉनमध्ये बॉम्बस्फोट झाले, त्यानंतरच्या आठवड्यात जे लोक रोज सहा तासांहून जास्त त्याच बातम्या पाहत बसले, त्यांच्यात ताणाची लक्षणं प्रत्यक्ष तिथे असलेल्यांपेक्षाही जास्त दिसली. मी त्या वेळी किती तास पाहत होते ते मी तिला सांगितलं नाही.

तिसऱ्या बैठकीचं जरा सविस्तर लिहिते, कारण माझ्यासाठी सगळी सेवा म्हणजे ती बैठक.

विषय असा की दुःखात माणूस कामं सोडतो, कामं सोडली की आणखी खचतो, आणि हा फेरा मन ताळ्यावर यायची वाट न पाहता हातापायांनी तोडायचा. मन मागून येतं. मी म्हटलं, बरं, शिवणाची खोली आवरते. आठवडाभरात आवरली नाही. दारापर्यंत जायचे आणि भिंतीवरची ती गाळाची रेघ दिसली की परत फिरायचे. पुढच्या फोनला ओशाळून कबूल केलं. ती म्हणाली, "काकू, तुमचं नाही चुकलं. काम मोठं धरलं आपण. अजून लहान करू." लहान म्हणजे केवढं? तर सकाळी दहाला मशीनसमोरच्या स्टुलावर जाऊन बसायचं. पंधरा मिनिटं. हात लावायचा असेल तर लावायचा, नाही तर नाही. आणि पंधरा मिनिटं झाली की उठायचं, मन लागलं असलं तरी.

हे मला पोरखेळ वाटलं. तीस वर्षं त्या स्टुलावर बसलेय मी!

पहिल्या दिवशी नुसती बसले. मशीनचं डोकं पाण्यात बुडालेलं, काळा रंग फुगून पापुद्रे आलेले, चाक गच्च. दुसऱ्या दिवशी जुना टूथब्रश घेऊन गेले आणि दात्यांच्या फटीतला गाळ काढला. वाळून सिमेंट झालं होतं त्याचं. तिसऱ्या दिवशी सुईपट्टीचे दोन स्क्रू. एक निघाला, एक नाही. त्यावर रॉकेलचे थेंब सोडले आणि वेळ संपली. चौथ्या दिवशी दहाची मी वाट पाहत होते. स्क्रू रात्रीतून सैल झाला असेल का, एवढंच डोक्यात होतं. झाला होता. खालून बॉबिन केस काढली तर आत निळा धागा अजून गुंडाळलेला, ओला होऊन वाळलेला, ज्या शर्टाचं काम अर्धं राहिलं होतं त्याचा. तिथे मात्र रडले. पंधरा मिनिटं रडण्यात गेली, तीही मी वहीत लिहिली. "१० ते १०.१५. धागा."

शटल गंजून गेलं होतं, नवीन घालावं लागलं. पट्टा कुजला होता. नवव्या की दहाव्या दिवशी चाक हाताने फिरलं, आधी अर्धं, मग तेल पाजल्यावर पुरं, करकरत. पहिली शिवण घातली ती चिंधीवर, आणि खालून धाग्यांचे नुसते गुंते आले. ताण सैल होता. मला त्या गुंत्यांचा एवढा आनंद का झाला ते सांगता येत नाही. बिघाड ओळखीचा होता, बहुतेक म्हणून. तीन महिन्यांत पहिल्यांदा अशी एक गोष्ट बिघडली होती जी नीट कशी करायची ते मला माहीत होतं.

आणि दहा वाजायचे म्हणून नऊला अंघोळ व्हायला लागली. अंघोळ झाली म्हणून केस विंचरले जायला लागले. हे कुणी सांगितलं नव्हतं, आपोआप त्या दहाच्या मागे ओळीने येऊन उभं राहिलं.

चौथी बैठक माणसांची. ती मला कमी भावली, खरं सांगते. 'तुमच्या जवळच्या माणसांची यादी करा' म्हणाले. जवळची माणसं तीन ठिकाणी पांगली होती, कुणी नातेवाइकांकडे, कुणी भाड्याने, कुणी अजून निवाऱ्यात. यादी करून माणूस समोर येत नाही. यात संस्थेचा दोष किती आणि परिस्थितीचा किती, सांगता येत नाही. जपानात १९९५ला कोबेचा भूकंप झाला तेव्हा तात्पुरती घरं सोडत काढून वाटली होती, म्हातारी आणि आजारी माणसं आधी. हेतू चांगलाच. पण शेजार तुटला, आणि कितीतरी म्हातारी माणसं त्या घरांत एकटी मेली, कुणाला पत्ताही लागला नाही. त्यांच्याकडे अशा मरणाला शब्दच आहे, कोदोकुशी. २०११च्या त्सुनामीनंतर इवानुमा नावाच्या गावात काही लोकांना वस्तीच्या वस्ती एकत्र हलवलं, काहींना सोडतीने एकेकटं. एकत्र गेलेल्यांचं एकमेकांकडे जाणं-येणं वाढलं, एकट्या गेलेल्यांचं कमी झालं. म्हणजे हे काम घरं वाटणाऱ्यांनी आधी करायचं असतं, फोनवरच्या मुलीने मागून नव्हे.

तरी तिने एक गोष्ट करून घेतली. समोरच्या आजी लेकीकडे गेल्या होत्या, त्यांना दर बुधवारी फोन करायचा. काय बोलू म्हटलं, तर म्हणाली, "मशीनचं सांगा." आजींना मशीनमध्ये काडीचा रस नाही. पण त्यांच्या नातवाच्या शर्टाची बटणं तुटली होती. तो शर्ट आला, आणि तो माझा पुरानंतरचा पहिला खरा कपडा.

पाचवी बैठक निरोपाची, घाईत उरकली. शून्य ते पाचमध्ये झोपेचा त्रास पुन्हा विचारला, मी दोन म्हटलं. पुन्हा बिघडलं तर काय करायचं ते कागदावर लिहून घेतलं. वर्ष पुरं होईल त्या दिवसांत, पहिल्या मोठ्या पावसात, सायरन ऐकल्यावर जुनी धास्ती परत येईल, ते बिघडणं नव्हे, हे मात्र तिने नीट बजावलं. तो कागद ज्या शाईने छापलाय ती ओल्या बोटाला लागते. पुरातल्या लोकांना द्यायचा कागद!

आणखी तक्रारी. फोन दर वेळी वेगळ्या नंबरवरून यायचा, मी दोनदा उचलला नाही. तिसऱ्या बैठकीत रेंज गेली आणि राहिलेला अर्धा तास कधी भरून दिला नाही. पाच बैठकांनंतर एकदम शांतता, मध्ये एखादा विचारपूस करणारा फोन हवाच होता.

ज्यांनी घ्यावी की नाही असा विचार चालवलाय त्यांच्यासाठी. आमच्या ह्यांनी घेतली नाही. ते तीन महिने नुसते भिंती खरवडत होते, न बोलता, आणि आता बरे आहेत. मी त्यांना उगाच ढकलत होते, कारण बहुतेक माणसं आपल्या आपण सावरतात, प्रत्येकाला बैठकांची गरज नसते. उलट टोकाला, जिवाचं बरंवाईट करायचे विचार असतील तर ही सेवा पुरी पडणारी नाही आणि ते तसा दावाही करत नाहीत. पहिल्याच दिवशी त्या मुलीने मला स्पष्ट विचारलं होतं, "मरावंसं वाटतं का? तसं काही ठरवलंय का?" मी दचकले होते. पण हो म्हटलं असतं तर ती मला तिथून थेट डॉक्टरांकडे पोचवणार होती, तशी त्यांची व्यवस्था आहे, आणि हे मला पटलं. मधल्या माणसांसाठी आहे हे: जे उठतात, बसतात, पण ज्यांचा दिवस कुठे सुरू होतो नि कुठे संपतो ते त्यांनाच कळेनासं झालंय. पेशावरमध्ये ३४६ जणांवर ही पद्धत तपासली होती, २०१६ला ते छापून आलं, आणि चिंता, उदासी दोन्ही कमी झाल्याचं दिसलं होतं. माझ्यापुरतं म्हणाल तर पाचाचे दोन झाले, शून्य नाही.

गेल्या महिन्यात पहिला मोठा पाऊस झाला. रात्रभर पत्र्यावर वाजत होता. दहाला खाली जाऊन पाहिलं, वहीत लिहिलं. तीनला जाग आली. वही पाहिली. मग तरीही खाली गेले, खोटं कशाला बोलू. एकदाच. सकाळी दहाला मशीनवर बसले तेव्हा डोळे चुरचुरत होते आणि काजं वाकडी पडली. ती उसवून दुपारी पुन्हा घातली.

नाव नोंदवणार असाल तर पहिल्याच दिवशी सांगा, ऑडिओ फाईल पाण्याच्या आवाजाची नको. पंख्याची मागा.